अस्तराचा बटवा

गेल्या महिन्यातली गोष्ट. भर दुपारची वेळ, ऊन नुसतं रणरणत होतं, आणि आमच्या दाराची कडी वाजली. पाहते तर माझी एक जुनी विद्यार्थिनी. आता तीही चाळिशी ओलांडून गेली आहे. इथेच, कुंभारीत, गोदूताई विडी घरकुलात राहते. तिच्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या, हिनेही लग्नानंतर काही वर्षं वळल्या. आता शिवणकाम करते. हातातल्या पिशवीतून तिने खणाच्या कापडाची एक छोटी पर्स काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बाई, अशा दहा शिवून द्यायच्या आहेत. पण माझं अस्तर नीट बसत नाही. तुम्ही आम्हाला सातवीत बटवा शिकवला होता ना?"

शिकवला होता खरा. मी इतिहास-मराठीची शिक्षिका, पण शाळेत कार्यानुभवाचा तास कुणीतरी घ्यायचा म्हणून तो माझ्या गळ्यात पडला होता. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा तो तास हिला आठवत होता याचंच मला अप्रूप वाटलं. मी पर्स उलटी करून पाहिली. अस्तर आत गोळा झालं होतं आणि तळाशी हात घातला की बोटं त्यात अडकत होती. दोष अगदी साधा होता. बाहेरचं कापड आणि अस्तर दोन्ही तिने एकाच मापाने कापलं होतं. आत बसणारी वस्तू बाहेरच्या वस्तूपेक्षा किंचित लहानच हवी, नाहीतर ती चुरगळणारच.

मग आम्ही दोघी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. कुणाला घरी करून पाहायची असेल तर कृती अशी. बाहेरच्या कापडाचे आठ इंच रुंद आणि सात इंच उंच असे दोन तुकडे घ्यायचे. अस्तराचे दोन तुकडे रुंदीला आणि उंचीला एक-दोन सूत कमी ठेवायचे. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नसे!) बाहेरचे दोन तुकडे सुलटीवर सुलट ठेवून तीन बाजूंनी टीप मारायची, कडेला अर्धा इंच माया सोडायची. अस्तराचंही तसंच करायचं, फक्त त्याच्या तळाशी मधोमध तीन बोटं जागा न शिवता मोकळी ठेवायची. आता बाहेरची पिशवी सुलटी करायची आणि ती उलट्या असलेल्या अस्तराच्या पिशवीत घालायची. म्हणजे दोन्हीच्या सुलट बाजू एकमेकींना भिडतात. तोंडाशी दोन्हीच्या कडा नीट जुळवून गोल शिवून घ्यायचं. रुंदीतला थोडासा फरक इथे खणाला जरा दाबून, अस्तराला जरा ओढून सहज सामावतो. मग तळाच्या त्या तीन बोटांच्या फटीतून सगळी पिशवी बाहेर ओढून काढायची. फट हातशिलाईने बंद करायची, अस्तर आत ढकलायचं, तोंडाला एक टिचबटण लावायचं की झालं. सगळी शिवण, सगळे दोरे, सगळ्या कच्च्या कडा आत लपतात. बाहेरून पाहणाऱ्याला टाका कुठे घेतला ते कळत नाही.

शिवताना कडेला जे कापड राखायचं त्याला आपण 'माया' म्हणतो. किती सुंदर शब्द आहे! माया कमी सोडली तर शिवण उसवते, जास्त सोडली तर कोपरे बोजड होतात. पण आज मला सांगायचं आहे ते निराळंच. पहिली पर्स पुरी झाली, तिने ती हातात फिरवून पाहिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, याचे पैसे त्या मोबाइलवर पाठवणार आहेत. माझ्या खात्यात घेऊ की ह्यांच्या?"

या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं नाही. का दिलं नाही, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पैसे ठेवायची पिशवी ही काही आजची वस्तू नाही. आपल्या भाषेतच तिला किती नावं आहेत पाहा. पैशांचा लांबट, कमरेला बांधायचा तो कसा. तोंडाला नाडी असलेला, गोल, ओढला की चुण्या पडून मिटणारा तो बटवा. पान, सुपारी, कात, तंबाखू आणि चुन्याची डबी यांच्यासाठी कप्पे असलेली, गुंडाळून दोरीने बांधायची ती चंची. मोठी ती थैली. पुढाऱ्याच्या सत्काराला निधी 'थैली' म्हणूनच अर्पण करण्याची पद्धत होती, आणि श्रीमंताला 'थैलीशाह' म्हणतात ते त्यावरूनच. 'खलिता' हा शब्द आपण पत्र या अर्थाने वापरतो, पण मुळात तो पिशवीचा शब्द. अरबी 'खरीता' म्हणजे पिशवी. राजेरजवाडे एकमेकांना पत्र पाठवत ते रेशमी किंवा जरीच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, मोहोर लावून. हळूहळू पिशवीचं नाव आतल्या कागदाला चिकटलं आणि पिशवी विस्मरणात गेली.

आमच्या सोलापूर भागात तर याला आणखी एक गंमत आहे. इथे मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात. मराठी शेतकरी कमरेची 'चंची' सोडतो. शेजारचा कन्नड म्हातारा पानाच्या पिशवीला 'संची' म्हणतो. आणि पूर्व भागातली पद्मशाली बाई बाजाराला निघताना जी कुठलीही पिशवी घेते ती तेलुगूत 'संचि'च. शब्द एकच, घरं तीन. माझ्या वर्गात या तिन्ही घरच्या मुली असत. 'चंची' शब्द फळ्यावर लिहिला की प्रत्येकीला तो आपलाच वाटायचा.

कन्नडमध्ये या संचीने एका कवयित्रीला नाव दिलं आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हैसूरला चिक्कदेवराज वाडियार यांच्या दरबारी होन्नम्मा नावाची एक दासी होती. विड्याची संची सांभाळणं हे तिचं काम. म्हणून तिला 'संचिय होन्नम्मा' म्हणतात. तिने 'हदिबदेय धर्म' हा ग्रंथ लिहिला. पतिव्रतेचे धर्म सांगणारा ग्रंथ, पण त्यात स्त्रीला कमी लेखणाऱ्यांना तिने खडे बोलही सुनावले आहेत. मला या बाईचं नाव ऐकलं की नेहमी एक विचार येतो. जन्मभर जिच्या हातात पिशवी होती, त्या पिशवीतलं काहीच तिचं नव्हतं. विडा राजघराण्याचा, ती फक्त सांभाळणारी.

तसं पाहिलं तर आपल्याकडच्या बहुतेक बायकांची गत हीच होती. पुरुषाच्या अंगावर कसा होता, बंडीला खिसा होता, फेट्यातसुद्धा दोन नाणी बसत. बाईच्या नऊवारीला खिसा नाही, चोळीला खिसा नाही. तिचा पैसा असायचा कनवटीला, नाहीतर पदराच्या गाठीला. घरात असेल तर उतरंडीच्या तळच्या मडक्यात किंवा डाळीच्या डब्यात. म्हणजे पैसा असायचा, पण त्याला स्वतःची अशी जागा नव्हती. युरोपात सतराव्या शतकापासून बायका एक वेगळाच खिसा वापरत. कापडाच्या दोन पिशव्या एका नाडीला लावून कमरेला बांधायच्या आणि वरून घागरा घालायचा, घागऱ्याला हात घालण्यापुरती चीर ठेवायची. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीला अंगासरशी बसणारे पातळ झगे आले, त्याखाली पिशवी मावेना, म्हणून ती बाहेर आली आणि हातात धरायची झाली. आजच्या लेडीज पर्सची ही आजी. तिथेही नवऱ्याच्या कोटाला शिवलेले खिसे आणि बायकोला सुटी पिशवी, हा भेद होताच.

खिसा नसणं हा काही शिंप्याचा विसरभोळेपणा नव्हता. त्याच्या मागे कायदा होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात स्त्रीधनावर मोठं विवेचन आहे. मी ते निवृत्तीनंतर निवांतपणे वाचलं. माहेरच्या आणि नात्यातल्या माणसांनी प्रेमाने दिलेलं ते 'सौदायिक', त्यावर स्त्रीचा पूर्ण अधिकार. पण कात्यायन स्मृती सांगते की स्त्रीने शिल्पाने, म्हणजे हातच्या कारागिरीने मिळवलेलं धन आणि परक्यांनी प्रीतीने दिलेलं धन, यांवर स्वामित्व नवऱ्याचं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. म्हणजे भावाने दिलेली साडी तिची, पण तिने स्वतः शिवून, कातून, विणून मिळवलेला पैसा तिचा नाही! दिलेलं तिचं, कमावलेलं त्याचं.

इथे एका माणसाचं ऋण मानलं पाहिजे. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीचा. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून फार लांब नाही. त्याने स्त्रीधनाची व्याख्या पुष्कळ रुंद केली. वारशाने आलेलं, विकत घेतलेलं, तेही त्याने स्त्रीधनात धरलं. महाराष्ट्रात मिताक्षरा चालत होती, त्यामुळे कारागिरीची कमाई इथे स्त्रीची म्हणवली तरी गेली. पण म्हणवणं वेगळं आणि खर्चणं वेगळं. लग्न झालेल्या बाईने नवरा हयात असताना अशी कमाई त्याच्या संमतीवाचून खर्चायची नाही, हा नियम इंग्रजी न्यायालयांतही चालू राहिला. इंग्रजांनी 1874 मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला, त्यात लग्न झालेल्या बाईची मजुरी आणि कमाई तिची स्वतःची असं स्वच्छ लिहिलं. मात्र तो हिंदू, मुसलमान वगैरे समाजांना लागू नव्हता. हिंदू बाईला त्यासाठी 1956 साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीची सगळी मालमत्ता पूर्णपणे तिची केली, आणि त्यात स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेली मालमत्ता असा उल्लेख मुद्दाम केला. कात्यायनाचं ते वाक्य तिथे पुसलं गेलं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची होते.

आता शिवणाकडे येऊ. बाईने घरबसल्या चार पैसे मिळवावेत म्हणून आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी विचार केला त्या सगळ्यांच्या हातात सुई होती. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तिथे शिक्षणाबरोबर शिवणाचे वर्ग होते. सेवासदनाचं काम पुढे आमच्या सोलापुरातही आलं. शिवणाच्या यंत्राने तर घराघरांत क्रांती केली. अमेरिकेत इलियास हाउने 1846 मध्ये पेटंट घेतलं, सिंगरने 1851 मध्ये, आणि सिंगर कंपनीने 1856 च्या सुमारास मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये एका तरुणाशी बोलताना सिंगरच्या मशीनचा अपवाद केला. बायकोला हाताने टाके घालताना पाहून सिंगरला दया आली आणि प्रेमापोटी त्याने यंत्र काढलं, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचं खासगी आयुष्य पाहता ही गोष्ट खरी वाटत नाही, त्याचे संसारच एकाहून अधिक होते! पण गांधीजींना त्यातून जे म्हणायचं होतं ते खरं आहे. ज्या यंत्राने माणसाचे कष्ट हलके होतात आणि माणूस बेकार होत नाही, ते यंत्र चांगलं.

असं एक हाताने फिरवायचं मशीन आमच्या घरीही होतं. आईने ते हप्त्याने घेतलं होतं. अण्णा एका गिरणीत कारकून होते. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू... भोंग्यावर घड्याळं लावली जायची. कापडाचे उरलेसुरले तुकडे वजनावर मिळत. आई चाटी गल्लीतून ते आणायची आणि त्यातून झबली, टोपडी, उशांचे अभ्रे, बटवे शिवायची. शेजारपाजारच्या बायका घेऊन जात. आलेले पैसे आई संध्याकाळी अण्णांच्या हातात ठेवायची. अण्णा वाईट नव्हते हो. कधी हात उगारला नाही, व्यसन नाही. पण पैसा पुरुषाकडे असायचा, हा त्या घराचा नियम होता आणि तो कुणी केला होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईचा स्वतःचा एक बटवा होता. हिरव्या खणाचा, आत पांढरं मांजरपाट अस्तर. एकदा, मी आठ-नऊ वर्षांची असेन, तिच्या बटव्याशी खेळताना मला दिसलं की अस्तराच्या तळाशी ती तीन बोटांची फट तशीच उघडी आहे. मी आत बोट घातलं तर कागद लागला. एक रुपयाच्या काही नोटा, घडी करून, खण आणि अस्तर यांच्या मधल्या पोकळीत ठेवलेल्या. मला वाटलं, आई शिवायला विसरली आणि नोटा चुकून आत गेल्या. मोठा शोध लावल्याच्या आनंदात मी जेवताना अण्णांना सांगितलं, "अण्णा, आईच्या बटव्याला भोक आहे, त्यात पैसे पडलेत!"

अण्णा काहीच बोलले नाहीत. आईकडे एकदा पाहिलं आणि जेवत राहिले. आईने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्या नोटा अण्णांच्या पाकिटात गेल्या, आणि आईने सुईदोरा घेऊन ती फट बंद केली. मला रागावली नाही. एक शब्द बोलली नाही. टाके इतके बारीक घातले होते की फट कुठे होती ते पुढे मलाही सापडेना.

ते पैसे आई कशासाठी साठवत होती हे मी तिला कधी विचारलं नाही. आधी कळत नव्हतं आणि कळायला लागलं तेव्हा धीर झाला नाही. मनात मात्र ती गोष्ट राहिली. कायद्याने ते पैसे तिचेच होते. 1956 चा कायदा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पण तो कायदा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत कुणी आणला नव्हता, आणि जे काही थोडं तिने अस्तराआड राखलं होतं ते तिच्याच मुलीने उघड केलं.

यापुढची गोष्ट सांगायला मला अधिक लाज वाटते. मी बी.ए. झाले, शिक्षिका झाले. 1973-74 चा काळ. पगार रोख मिळायचा, तिकिटावर सही करून. आणि ते पाकीट मी न उघडता घरी नेऊन सासूबाईंच्या हाती द्यायची. बसच्या भाड्याला रोज सकाळी पैसे मागून घ्यायची. कुणी सक्ती केली नव्हती. मला ते चांगल्या सुनेचं लक्षण वाटायचं! वर्गात मी मुलींना स्त्रीशिक्षणाचा इतिहास शिकवत होते, फुल्यांपासून कर्व्यांपर्यंत सगळं तोंडपाठ, आणि माझ्या पर्समध्ये रुमाल आणि खडू यांच्याखेरीज काही नसायचं. हे पंधरा-सोळा वर्षं चाललं. पुढे पगार बँकेत जमा होऊ लागला तेव्हा खातं माझ्या नावाचं निघालं, आणि तेवढ्याने ते थांबलं. म्हणजे माझ्या धैर्याने काही झालं नाही, पगाराची पद्धत बदलली म्हणून झालं.

माझ्यापेक्षा या बाबतीत विडी कामगार बायका कितीतरी पुढे होत्या असं मला आता वाटतं. सोलापुरात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, हातमाग-यंत्रमागाचं पोट भरेना, तेव्हा हजारो घरं विडी वळणाऱ्या बायकांनी चालवली. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, पत्र्याच्या मापावर कापलेलं तेंदूचं पान, बोटांनी गुंडाळी आणि दोऱ्याचा फास. दिवसाला हजार विड्या म्हणजे हजार वेळा तेच. कारखान्यात नेऊन दिल्या की काही विड्या छाट म्हणून बाजूला काढायच्या आणि त्यांचे पैसे नाही. 1966 मध्ये विडी-सिगार कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा झाला, 1976 मध्ये कल्याण निधीचा. घरी बसून काम करणारी बाईसुद्धा कामगार आहे हे या कायद्यांनी मान्य केलं. कागदावर मान्य झालेलं हातात पडावं म्हणून या बायका मोर्चाला जात, रस्त्यावर बसत.

त्यातूनच कुंभारीची वसाहत झाली. नरसय्या आडम, ज्यांना सारं सोलापूर आडम मास्तर म्हणतं, त्यांच्या पुढाकाराने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिला नाव दिलं कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचं, ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना उभं करणाऱ्या आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या गावाच्या माळावर दहा हजार घरं उभी राहिली आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. पुढे याच गावच्या हद्दीत रे नगर झालं, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना. त्यातली पहिली पंधरा हजार 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. घराच्या खर्चात सरकारचा वाटा होता तसा कामगारांचाही होता. विडी वळणाऱ्या बाईने तो वाटा कसा साठवला असेल? कुठल्या डब्यात, कुठल्या गाठीत, कुठल्या अस्तरात? माझ्या विद्यार्थिनीच्या आईने तो भरला आणि घर तिच्या नावावर झालं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण घराची चावी तिच्या कनवटीला. मला ते जमलं नव्हतं.

आज दिवस बदलले आहेत. 2014 पासून जनधनची खाती निघाली, 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कापडी पिशव्या शिवायला बचत गटांना काम मिळालं, आणि 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा बाईचं स्वतःचं खातं हवंच असा नियम आल्यामुळे बँकांपुढे केवढ्या रांगा लागल्या ते आपण पाहिलंच. तरी तो प्रश्न येतोच, 'माझ्या खात्यात घेऊ की ह्यांच्या?' सरकारने दिलेला पैसा तिच्या खात्यात येतो, त्याबद्दल घरात वाद नाही, पण शिवून मिळवलेला कुठे घ्यायचा ते विचारावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच झालं की! दिलेलं तिचं, कमावलेलं त्याचं. कात्यायन कागदावर पुसला गेला तरी घरात तो अजून बसलेला आहे.

मी तिला म्हटलं, "तुझ्या खात्यात घे. संसाराला लागतील तेवढे तिथून काढून दे, पण आधी तुझ्या खात्यात येऊ देत."

ती जरा घुटमळली. "ह्यांना वाईट वाटेल, बाई. तसे ते चांगले आहेत."

"असतीलच. माझे वडीलही चांगले होते," मी म्हटलं, आणि तिला आईच्या बटव्याची गोष्ट सांगितली. आजपर्यंत ती मी कुणालाच सांगितली नव्हती, मुलांनासुद्धा नाही. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "मग तुमच्या आईने ते पैसे परत मागितले नाहीत?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "माझ्या आईने मागितले असते." आणि आम्ही दोघीही हसलो. खरंच होतं ते. तिच्या आईने छाटलेल्या विड्यांचे पैसे मागण्यासाठी सोलापूरच्या रस्त्यावर घोषणा दिल्या होत्या.

दुसरी पर्स तिने माझ्यासमोर स्वतः शिवली. अस्तर दोन सूत कमी कापलं, माया सारखी सोडली, कोपऱ्यांत कात्रीने तिरपा छेद दिला म्हणजे सुलटं केल्यावर कोपरा टोकदार येतो. अस्तर आत छान बसलं. तळाची फट हातशिलाईने बंद करताना तिने विचारलं, "बाई, टाके आतून घेऊ की वरून?" मी म्हटलं, वरून घे, उघड घे. दिसले तर दिसू देत.

गेल्या आठवड्यात दहाही पर्स गेल्या. पैसे आल्याचं सांगायला तिचा फोन आला होता. कुठल्या खात्यात आले ते मी विचारलं नाही. तिनेच आपणहून सांगितलं, "माझ्यात घेतले, बाई. ह्यांना सांगून घेतले."

माझ्याजवळ आईचा तो हिरवा बटवा आहे. खण विरला आहे, काठाचे दोरे सुटलेत, पण तळाचे टाके अजून घट्ट आहेत. ते उसवावेत असं कधी कधी मनात येतं. पण नको. आत आता काही नाही हे मला माहीत आहे, ते मीच काढायला लावलं होतं.